मेसच्या हिशेबात वहिनी कुठे आहेत?

कोल्हापूर,
रविवार

प्रिय सुऱ्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, मेसचा हिशेबही बघितला. पुण्यात नव्या पेठेत मेससाठी जागा मिळाली हे बेस झालं. शास्त्री रोड, सदाशिव पेठ, नवी पेठ या टापूत स्पर्धा परीक्षेची पोरं आहेत तोवर तुला मेंबर कमी पडायचे नाहीत. भाडं, धंद्याचा निळा सिलिंडर, किराणा, भाजी, भांडीवाल्या मावशींचा पगार, सगळं तू पैशापैशानं मांडलंयस. फक्त पहाटे उठून कणीक कोण भिजवणार आणि दोन वेळच्या पोळ्या कोण लाटणार, ते सापडेना. मग खाली बारीक अक्षरात दिसलं : 'स्वयंपाक घरचाच.' म्हणजे वहिनी. आणि त्यांच्यापुढे रक्कम शून्य.

आता तुझा दर बघ. दोन वेळचे महिना ३२००. रविवारची संध्याकाळ बंद धरली तर ५६ ताटं, म्हणजे ताटाला ५७ रुपये. शिवभोजन ही सरकारी स्वस्त थाळी २०२० साली सुरू झाली तेव्हा सरकारनं शहरातलं ताट ५० रुपयांचं धरलं होतं. गिऱ्हाइकाकडून १० आणि बाकीचे ४० सरकारकडून. त्यात काय, तर ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण आणि भाताची एक मूद. तू पोटभर घालणार, रविवारी फीस्ट देणार, वर इतक्या वर्षांची महागाई. एवढं करून ५७ रुपयांत तुला नफा दिसतोय, तो वहिनींच्या न दिलेल्या पगारातून.

माझी थोरली मावशी लालबागला खाणावळ चालवायची, तुला ठाऊक आहे. चाळीतली एक खोली, तिच्यातच संसार आणि तिच्यातच पंगत. बायकापोरं गावी ठेवून आलेले गिरणी कामगार पाळी सुटेल तसे येऊन जेवायचे आणि पैसे पगाराला द्यायचे. महिनाभर सगळ्यांना आधी जेवू घालायचं तर भांडवल लागतं. ते वाण्याच्या वहीतून आणि सावकाराकडे ठेवलेल्या बांगड्यांतून यायचं. व्याज ती भरायची, स्वस्त जेवण मेंबरांना, आणि कमी पगारात कामगार मिळायचा गिरणीमालकाला!

तिचे मेंबर बहुतेक सगळे कराड-पाटणकडचे. कोण कुणाचा, गावी घर कुठलं, तिला तोंडपाठ. त्यामुळे उधारी सहसा बुडत नसे. पण त्याच ओळखीपायी दुसऱ्या जातीच्या माणसाला तिच्या पंगतीत जागा नसायची. हे आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण होतं तसं. मग १९८२ चा संप आला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, तिचे मेंबर गावी गेले, आणि वहीतल्या ओळखी असूनही उधारी वहीतच राहिली.

असल्याच बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. मावशी काही तिकडे गेली नाही. काकांना ते पटत नव्हतं, एवढंच ती सांगायची.

साताऱ्याचं बोर्डिंग आठव. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली, ते आपल्याला शाळेत शिकवलं. त्या पंगतीत धान्य कमी पडलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं, मंगळसूत्रसुद्धा. आपण त्याला त्याग म्हणून हात जोडतो. जोडावेतच. पण तू काही बोर्डिंग काढत नाहीयेस, धंदा करतोयस.

बाकी बारीकसारीक तुला जमेल. खाड्याचा, म्हणजे जेवायला न येण्याच्या दिवसांचा, नियम मात्र पहिल्या दिवशीच फळ्यावर लिही : आदल्या रात्री सांगितलं तरच खाडा, आणि सलग तीन दिवसांपेक्षा कमी असेल तर पैसे वजा नाहीत. पार्सलमध्ये पोळ्या मोजून दे, कारण एका डब्यावर दोघं जेवतात. पोरं लबाड म्हणून नव्हे, घरून पैसे आलेले नसतात म्हणून. पोळी गरम वाढ आणि एकेकच वाढ, म्हणजे टाकली जात नाही. पैसे आगाऊ घे, पण सोयाबीन विकल्यावर देतो म्हणणाऱ्या पोराला दारातून परत पाठवू नकोस. अशी चार-पाच ताटं हिशेबात आधीच धरून ठेव. आणि मुली तिसरी पोळी मागायला लाजतात, तेव्हा तू विचारत जा.

आमच्याकडे थाळीत तांबडा-पांढरा रस्सा हवा तेवढा मिळतो, मटणाच्या फोडी मात्र मोजून. धंदा त्यावरच उभा आहे. तुझ्या शाकाहारी ताटात पोट आमटी-भातानं भरेल, तेव्हा आमटी पाणचट करू नकोस. पनीर रविवारी पुरे.

वहिनींना नीट बसून विचार, महिन्याला किती घेणार आणि आठवड्यात सुट्टी कुठली. 'घरच्या कामाचे कसले पैसे' असं त्या म्हणतील. त्यावर तू 'बघ, तीच म्हणतेय' असं मला लिहू नकोस. पोळ्या लाटणाऱ्या बाईला तुमच्या भागात काय देतात ते आधी विचारून ये, त्याच्या खाली आकडा नको. कर्ज काढलंस तर त्याच्या कागदावर आणि मेसच्या खात्यावर त्यांचंही नाव घाल. मग दर ३२०० चा ३८०० झाला तर होऊ दे. थोडे मेंबर कमी येतील, तेवढ्या पोळ्याही कमी लाटाव्या लागतील.

नवा हिशेब झाला की पाठव. दिवाळीनंतर पुण्यात येणार आहे, तेव्हा फळा मी लिहून देईन. तुझं अक्षर मेंबरांना लागायचं नाही.

तुझा,
बाळ्या