न्यायी माणसाचा कंटाळा

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. संस्थेच्या निवडणुकीत तू पडलास आणि त्याबद्दल अख्ख्या मतदारवर्गाला मूर्ख ठरवून मोकळा झालास. मला हे निदान पटत नाही. लोक नुसते मूर्ख असते, तर कधीतरी चुकून तुलाही मत पडलं असतं.

प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सचा, ‘न्यायी’ म्हणून गाजलेला पुढारी अ‍ॅरिस्टाइडीस आठवतो? तिथे एखादा पुढारी डोईजड वाटला, की त्याला दहा वर्षं हद्दपार करायला मतदान व्हायचं. फुटक्या मडक्याच्या खापरीवर नाव कोरायचं, झालं मत. इ.स.पू. 482 च्या सुमारास याची पाळी आली. ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो, एका निरक्षर मतदाराने नेमकी त्याच्याच पुढे खापरी धरली आणि म्हणाला, ‘यावर अ‍ॅरिस्टाइडीस लिहून दे.’ याने विचारलं, त्याने तुझं काय वाकडं केलंय? ‘काही नाही. मी ओळखतही नाही त्याला. पण जिथे तिथे न्यायी, न्यायी ऐकून कान किटले!’ अ‍ॅरिस्टाइडीसने मुकाट्याने नाव लिहून दिलं.

लोक या गोष्टीत अ‍ॅरिस्टाइडीसचं कौतुक करतात. मला तो मतदार आवडतो. खरं कारण सांगितलं गड्याने! आपण असतो तर विकास, तत्त्व, बदलाची गरज असं काहीबाही पुढे केलं असतं. लबाड पुढारी आपल्याला सोसतो, कारण त्याच्याशेजारी आपण बरे दिसतो. सज्जन माणूस काही न बोलता आपला हिशेब मागत असतो.

अर्थात हा वैताग दरवेळी आपोआप येतो असंही नाही. 1937 साली अथेन्समधल्या अक्रोपोलिस टेकडीच्या उतारावरच्या एका विहिरीत दीडशेहून जास्त खापऱ्या सापडल्या. सगळ्यांवर नाव एकच, थेमिस्टोक्लीस. अक्षरं मात्र मोजक्याच हातांची. कुणीतरी आधीच लिहून वाटायला ठेवलेल्या असाव्यात. गंमत म्हणजे हा थेमिस्टोक्लीस अ‍ॅरिस्टाइडीसचाच कट्टर विरोधक. पुढे तोही हद्दपार झाला.

अ‍ॅरिस्टाइडीसला मात्र दहा वर्षं थांबावं लागलं नाही. इराणचा बादशहा सैन्य घेऊन चालून आला आणि इ.स.पू. 480 मध्ये अथेन्सने हद्दपारांना परत बोलावलं. तेव्हा बरा कुणाला त्याचा कंटाळा आला नाही!

आता तुझं प्रचारपत्रक पुन्हा वाच. ‘निष्कलंक’ तीनदा, ‘निःस्वार्थी’ दोनदा, वर हात जोडलेला फोटो. अरे, मीसुद्धा दुसऱ्या परिच्छेदात तुझ्या विरोधात गेलो होतो. पुढच्या खेपेला मजकूर मी लिहीन आणि तुझा एखादा दोष ठळक अक्षरात टाकीन. बैठकीला कायम उशिरा येतोस, तोच घेऊ. त्याला साक्षीदारही भरपूर आहेत.

तुझाच,
एक मतदार