पंचवटीच्या तबेल्यातील वही

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

पशुवैद्यक व पशुसंवर्धन या साडेपाच वर्षांच्या पदवीची माझी शेवटची लेखी परीक्षा संपली असून आता वर्षभराची इंटर्नशिप सुरू होत आहे. घोड्यांची निगा व व्यवस्थापन या विषयावर मी जे काही विश्वासाने लिहू शकले, ते तुमच्या पंचवटीतील तबेल्यामुळे. आणि हे तुम्हाला घरी येऊन सांगण्यापेक्षा चारचौघांसमोर लिहावे असे मला मनापासून वाटले. अभ्यासक्रमात गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या, कुत्री अशा सर्वांना जागा द्यावी लागते, त्यामुळे घोड्याच्या वाट्याला थोडेच तास येतात. दुसऱ्या वर्षाच्या सुटीत एका तबेल्यात शिकू देण्याची विनंती केली, तेव्हा ‘हे मुलींचे काम नव्हे’ असे उत्तर मिळाले होते. तुम्ही मात्र काहीही न विचारता माझ्या हाती खरारा, म्हणजे घोड्याचे अंग घासायचा दातेरी ब्रश, दिलात.

पहिल्याच दिवशी तुम्ही मला एक वहीही दिलीत. सकाळी चंदी, म्हणजे घोड्याचा दाण्याचा खुराक, घालण्यापूर्वी प्रत्येक घोड्याच्या जबड्याखालच्या धमनीवर बोटे ठेवून नाडी मोजायची, लीद पाहायची, पाणी किती प्यायला ते विचारायचे आणि सारे लिहून ठेवायचे, असा तुमचा नेम होता. निरोगी प्रौढ घोड्याची विश्रांतीतील नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते, हे मला पाठ होते. पण तुमच्या अबलख घोडीची ३६ असते, हे मी त्या वहीतून शिकले.

त्या वहीचे मोल मला माझ्याच चुकीने कळले. लग्नसराईत रात्री उशिरा वरातीहून परतलेल्या त्या घोडीला, ती दमली आहे या मायेपोटी, मी तुम्हाला न विचारता नेहमीपेक्षा दुप्पट हरभरा घातला. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने फार लहान, जेमतेम ८ ते १५ लिटरांचे असते आणि त्याला उलटी करता येत नाही, हे परीक्षेत लिहिलेली मीच ते विसरले. पहाटे घोडी पुढच्या पायाने जमीन खरवडत होती, पुनःपुन्हा मान वळवून कुशीकडे पाहत होती, बसत होती आणि उठत होती. नाडी मोजली, तर ६४. तुम्ही गव्हाणीतले सगळे खाद्य काढले, डॉक्टरांना फोन केला आणि ते येईपर्यंत तिला लोळू न देता सावकाश फिरवत राहिलात. मला कुशीला कान लावायला सांगितलेत, तेव्हा एरवी ऐकू येणारी आतड्यांची गुडगुड जवळजवळ थांबली होती. डॉक्टरांनी नाकातून जठरात नळी घातली, औषधे दिली आणि दुपारी घोडीने लीद टाकली, तेव्हा कुठे माझे रडू थांबले. तुम्ही एका शब्दानेही रागावला नाहीत. नेहमीची नाडी वहीत लिहिलेली होती म्हणून डॉक्टरांना किती बिघडले आहे हे लगेच सांगता आले, एवढेच म्हणालात.

दत्तजयंतीला भरणाऱ्या, घोडेबाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या सारंगखेड्याच्या यात्रेत तुम्ही मला दातांवरून वय ओळखायला शिकवलेत: अडीच वर्षांच्या सुमारास मधले दुधाचे दात बदलतात, मग त्यांच्या शेजारचे, आणि पाचव्या वर्षी समोरचे सगळे पक्के दात आलेले असतात. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद येई, तेव्हा खूर धरायला तुम्ही मलाच पुढे करत असा. यांतले पुष्कळसे वर्गातही होते, पण खुराचे वजन हातावर घेतल्याखेरीज ते मला समजले नसते.

इंटर्नशिपला जाताना ती वही मी मागून नेणार होते, परंतु ती तबेल्यातच असायला हवी. म्हणून तशीच एक नवी वही घेतली आहे आणि तिच्या पहिल्या पानावर अबलख घोडीची नाडी लिहिली आहे. दत्तजयंतीच्या सुमारास रजा मिळाली, तर यंदाही तुमच्याबरोबर सारंगखेड्याला यायची इच्छा आहे. मामींना सांगून ठेवावे.

तुमची कृतज्ञ,
तबेल्यातील विद्यार्थिनी