तुर्कीतला दिनक्रम शिकवणाऱ्या वहिनींना जाहीर आभारपत्र

आदरणीय वहिनी,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

इचलकरंजीहून बुर्सा येथील विणकाम कारखान्यात मागांच्या देखभालीसाठी आलेल्या आम्हां तंत्रज्ञांना तुम्ही आपल्या घरी बोलावून, रात्रपाळीच्या वेळा सांभाळून जी तुर्की शिकवली, तिच्याबद्दल मी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे, कारण तुमच्या शिकवण्याचा लाभ आमच्यापुरताच राहू नये असे मला वाटते.

रोज काय करतो हे सांगणे सोपे असेल अशी आमची समजूत होती. तुर्कीत मात्र तेथेच दोन काळ पुढे येतात. 'हेर सबाह येदिदे काल्कयोरुम' आणि 'हेर सबाह येदिदे काल्कारम' या दोन्ही वाक्यांचे मराठी 'मी रोज सकाळी सातला उठतो' असेच होते; पहिल्यात 'शिम्दिकी झामान' म्हणजे चालू वर्तमानकाळ आहे आणि दुसऱ्यात 'गेनिश झामान' म्हणजे शब्दशः विस्तृत काळ. वर्गात आम्हांला पहिला काळ आत्ता चाललेल्या क्रियेसाठी आणि दुसरा सवयीसाठी, अशी सरळ वाटणी मिळाली होती. सध्या चालू असलेला दिनक्रम सांगताना येथील माणसे बोलण्यात बहुधा पहिलाच काळ वापरतात, आणि दुसऱ्या काळात बोलणारा आपला स्वभाव, रीत किंवा नियम सांगत असतो, हा भेद तुम्ही दाखवून दिला, तेव्हा कारखान्यातील बोलणे आम्हांला उलगडू लागले.

त्यासाठी तुम्ही पाठ्यपुस्तकापेक्षा भिंतींवरचा पुरावा दिला. 'सिगारा इचिल्मेझ' आणि 'गिरिल्मेझ' या पाट्या आम्ही रोज पाहत होतो. धूम्रपान आणि प्रवेश यांची ती मनाई गेनिश झामानाच्या नकारार्थी रूपात लिहिलेली आहे, कारण तेथे कोणाच्या आजच्या वागण्याची नोंद नसून कायमचा नियम आहे. हाच धागा तुम्ही चहापर्यंत नेलात. तुर्कस्तानात चहा विचारला जातो तो 'चाय इचेर मिसिनिझ?' असा, गेनिश झामानातच. पण 'इच्मेम' असे उत्तर दिले, तर आपण चहा घेतच नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि 'इच्मियोरुम' म्हटले तर आत्ता किंवा सध्या घेत नाही एवढाच. पाहुण्याने नम्रपणे नकार द्यायचा असेल तर 'इच्मेयेयिम' म्हणावे, हेही तुम्हीच सांगितले. (दिवसभर चहाचे पेले फिरवणाऱ्या या देशात व्याकरणाच्या या भागाला बरीच किंमत आहे.)

रूपे बनवण्याच्या बाबतीत गेनिश झामान कटकटीचा आहे, आणि तुम्ही ते लपवले नाही. व्यंजनान्त एकाक्षरी धातूंना साधारणपणे 'आर' किंवा 'एर' लागतो, परंतु 13 धातू ही रीत मोडतात. त्यांतील एक सोडता बाकीचे 'ल' किंवा 'र' या व्यंजनांनी संपतात. 'गेल'चे 'गेलिर' आणि 'वेर'चे 'वेरिर' होते, पण 'गिर'चे मात्र नियमाप्रमाणे 'गिरेर' होते. ही यादी सरळ पाठ करावी, तिच्यामागचे कारण शोधत बसू नये, असा तुमचा सल्ला होता, आणि तो व्यवहाराला धरून होता.

खरी मदत झाली ती अपवाद सांगताना. पाळ्यांचा कारखाना अपवादांवर चालतो: रविवारी बंद, सणाला बंद, सुटा भाग आला नाही तर बंद. रविवार सोडून रोज असे म्हणायचे तर 'पाझार हारिच हेर ग्युन', आणि त्याच जागी 'पाझार दशन्दा'ही चालते. दोन्ही शब्द, मराठीतल्या 'सोडून'प्रमाणेच, नामाच्या मागून येतात. एखाद्या दिवशीच क्रम मोडला असेल, तर नेहमीची गोष्ट 'गेनेल्लिक्ले' म्हणजे सहसा या शब्दाने सांगून पुढे 'आमा बुग्युन', पण आज, असे म्हणत भूतकाळात उतरायचे: 'गेनेल्लिक्ले येदिदे काल्कारम, आमा बुग्युन दोकुझ्दा काल्क्तम', म्हणजे सहसा सातला उठतो, पण आज नऊला उठलो. अट घालायची असेल, तर ती धातूलाच चिकटते. 'हास्ता ओल्मादक्चा इशे गेलिरिम', म्हणजे आजारी नसेन तोवर मी कामावर येतो. मुकादमाला हे वाक्य ऐकवल्यावर त्याने आमच्या रजेच्या अर्जांकडे पाहण्याची पद्धत बदलली, असे माझे मत आहे. सहकाऱ्यांचे तसे नाही.

आणखी एका गोष्टीसाठी विशेष आभार. जुन्या सवयी सांगण्यासाठी तुर्कीत 'काल्कारदम' असे रूप आहे, आणि तुम्ही ते आपल्या रीतिभूतकाळाशेजारी ठेवून शिकवले: वडील पहाटे उठत, मागावर जात. शाळेत गुणांपुरता वाचलेला काळ असा परदेशी भाषा समजण्यासाठी उपयोगी पडेल, असे आम्हांला कधी वाटले नव्हते.

तुमच्या हस्ताक्षरातील धातूंची यादी आणि अपवादांच्या वाक्यांची वही सध्या माझ्याकडे आहे. इचलकरंजीहून येणाऱ्या पुढील तंत्रज्ञांसाठी तिच्या प्रती काढाव्यात असा विचार आहे. तुमची हरकत असल्यास कृपया कळवावे.

आपला नम्र,
देखभाल विभागातील एक विद्यार्थी