पिवळे ग्राउंडकव्हर घेताना आधी पान बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वळीव पडून गेला की कोल्हापुरातल्या रोपवाटिकांत गर्दी होते. अंगणात फुलणारे काहीतरी पसरावे म्हणून लोक 'पिवळ्या फुलांचे ग्राउंडकव्हर' मागतात आणि अनेकदा वेडेलिया घेऊन घरी येतात.

वेडेलिया झपाट्याने पसरतो म्हणून खपतो, आणि त्याचा दोषही तोच आहे. जमिनीला टेकलेल्या पेरापेराला मुळे फुटतात. छाटून टाकलेला वीतभर तुकडाही ओलाव्यावर जगतो. तो शहरातल्या जयंती नाल्यात पडला तर पंचगंगेचा काठ काही लांब नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेशी जोडलेल्या, जगातल्या 100 सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे. काढायचा असेल तर मुळांसकट उपटून गच्चीवर उन्हात कडकडीत वाळवावा, मगच कचरागाडीत द्यावा.

तोच रंग हवा असेल तर शोभेचा भुईमूग, म्हणजे अराकिस पिंटोई घ्यावा. त्याचे पान भुईमुगासारखे चार पर्णिकांचे आणि फूलही भुईमुगाचेच. वेडेलियाची पाने समोरासमोर, दातेरी कडांची, बहुधा तीन खंडांची आणि फूल चिमुकल्या सूर्यफुलासारखे. रोपवाटिकांनी पिशवीवर नाव लिहिले तर हा घोळच राहणार नाही.

लावणीपेक्षा आधीची मशागत महत्त्वाची. लव्हाळा या चिवट तणाच्या गाठी जमिनीत राहिल्या तर कुठलेही ग्राउंडकव्हर त्याला दाबू शकत नाही. मे महिन्यात नऊ इंच खणून गाठी वेचाव्यात, पाणी देऊन कोंब वर येऊ द्यावेत आणि पुन्हा गाठीसकट काढावेत. असे निदान दोनदा. नदीकाठच्या काळ्या मातीत वाफा सहा इंच उंच करून एका बाजूला उतार द्यावा. चार घमेली वाळू टाकून तिथे निचरा होत नाही. शेणखताचा इंचभर थर मिसळावा. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) वापरायची तर पूर्ण कुजलेलीच. ताजी मळी तापते आणि कोवळी मुळे भाजते.

जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर शोभेच्या भुईमुगाच्या तीन-चार पेरांच्या काड्या, दोन पेरे मातीत जातील अशा लावाव्यात. नऊ इंचांवर लावल्यास 100 चौरस फुटांना सुमारे 180 काड्या लागतात, फुटावर लावल्यास 100. जुलैच्या झडीत लावलेल्या काड्या काळ्या मातीत कुजतात; जून हुकला तर सप्टेंबरअखेर थांबावे. काड्या एकमेकींना भिडेपर्यंत मधल्या जागेत उसाचे पाचट पातळ अंथरावे.

काळ्या, चुनखडीच्या मातीत कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या तर लोक युरिया टाकतात. इथेच चुकते. ती लोहाची कमतरता असते. हा भुईमूग मुळांवरच्या गाठींतून नत्र स्वतःच मिळवतो. युरियाने पाला माजतो, फुले कमी होतात. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून संध्याकाळी फवारावे, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. पाणीही आवरावे, सतत ओली राहणारी जमीन ही कमतरता वाढवते.

निळे फूल हवे असेल तर रोपवाटिकेतली मोठ्या फुलाची विष्णुक्रांता. (आपल्या माळावरची शंखपुष्पी वेगळी, तिचे फूल बारीक.) हिला सहा तास ऊन लागते आणि श्रावणातली दलदल अजिबात सोसत नाही. पाचगाव, आर. के. नगरकडच्या मुरमाड जागेत ती खुलते. तिची फुले दुपारनंतर मिटतात. रोप सुकले समजून पाणी ओतू नये.

दाट पसाऱ्याखाली पावसाळ्यात शंखी गोगलगायी लपतात. संध्याकाळी ओले गोणपाट वाफ्याच्या कडेला टाकून ठेवावे आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. मीठ वाफ्यात मात्र टाकू नये, मातीच बिघडते.

– एक वाचक, कोल्हापूर