कोलंबस मेनरकोरच्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

ओहायोतल्या कोलंबसमधल्या आमच्या छोट्याशा भजनी मंडळाच्या वतीने हे पत्र लिहिते आहे. परक्या मुलखात गाणं पुढच्या पिढीपर्यंत कसं टिकवायचं, हे विचारायला मी तुमच्याकडे आले आणि तुम्ही अख्खी दुपार मला दिलीत.

तुमचं कोलंबस मेनरकोर १८४८ सालचं. तिकडे जर्मन मुलखात क्रांती पेटली, त्याच वर्षी इथल्या जर्मन मंडळींनी हे पुरुषांचं गायन मंडळ काढलं. पुढच्याच वर्षी सिनसिनाटीत अशा मंडळांचा झेंगरफेस्ट, म्हणजे गाण्याचा मेळा, भरला. तालीम संपली की जेवण, बिअर आणि गप्पा हव्यातच, हे तुम्ही दोनदा सांगितलंत.

माझ्या मनातून जात नाही तो १९१८चा काळ. अमेरिका जर्मनीशी लढत होती आणि शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने बघू लागला होता. जर्मन कवी शिलरच्या नावाच्या तुमच्या शिलर पार्कचं वॉशिंग्टन पार्क झालं, शिलर स्ट्रीटवर व्हिटियर स्ट्रीटची पाटी लागली. १९१९मध्ये ओहायोने आठवीच्या खालच्या वर्गांत जर्मन शिकवायलाच बंदी केली. त्यात दारूबंदी आली आणि आसपासच्या ब्रुअऱ्यांचं, म्हणजे बिअरच्या कारखान्यांचं, कंबरडं मोडलं. आई ज्या भाषेत अंगाई गाते, ती शाळेत शिकवणं गुन्हा ठरावा, याचा मला आजही संताप येतो. तो कायदा १९२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला. शिलरचं नाव उद्यानाला परत मिळायला मात्र १९३० उजाडलं. एवढं सोसूनही तुमचं मंडळ गात राहिलं.

मग तुम्ही आजोबांची स्वरलिपीची वही काढलीत. पिवळी पानं, गॉथिक वळणाची छपाई आणि श्वास कुठे घ्यायचा त्याच्या पेन्सिलीच्या खुणा. दोन टेनर, म्हणजे पुरुषांचे उंच आवाज, आणि दोन बास, म्हणजे खालचे आवाज. आमचे कान सगळ्यांनी एकच चाल गाण्याला सरावलेले, म्हणून तुम्ही आधी एकेक आवाज सुटा म्हणून दाखवलात आणि मग तिघा मित्रांना सोबत घेऊन चारही एकत्र. खालचा बास तानपुऱ्यासारखा जागेवर होता, बाकीचे त्याच्यावर विसावत होते. माझ्या अंगावर काटा आला.

‘नव्या माणसाला पहिल्याच दिवशी काम द्या,’ हा तुमचा सल्ला आम्ही लगेच अमलात आणला. आता मंडळाची नोंदवही शाळकरी मुलं लिहितात आणि टाळही त्यांच्याच हातात असतात. गणपतीत आरतीला नक्की या, तिघा मित्रांनाही घेऊन या. जेवूनच जायचं आहे.

तुमची ऋणी,
भजनी मंडळातली एक