तुडतुडा म्हणजे फक्त कीड नाही

संपादक महोदय,

तुडतुडे म्हटलं की आम्हा कोकणातल्या लोकांना आधी आंब्याचा मोहोर आठवतो आणि मग फवारणीचा पंप, पण युगांडातल्या किबाले नॅशनल पार्कात सापडलेल्या तुडतुड्याबद्दल वाचलं आणि तेव्हापासून तो डोक्यातून जातच नाहीये. इंग्लंडच्या अँग्लिया रस्किन युनिव्हर्सिटीचे डॉ. अल्विन हेल्डन विद्यार्थ्यांना घेऊन तिथे फील्डवर्कला जायचे, त्यातच हा मिळाला, २०२२ मध्ये जाहीर झाला, नाव फ्लोगिस किबालेन्सिस. अंगाला धातूसारखी चमक, त्यावर बारीक बारीक खड्डे, आणि प्रजात नवी आहे हे ठरवायला मायक्रोस्कोपखाली नराचं जननेंद्रिय बघावं लागतं, याचं थोडं पानाच्या आकाराचं आहे. किती बारकाईचं काम हे! याच्या वंशातला आधीचा नमुना १९६९ साली सेंट्रल आफ्रिकन रिपब्लिकमध्ये मिळाला होता, म्हणजे मधली पन्नासेक वर्षं कुणाला दिसलाच नाही. तो कुठल्या झाडाचा रस पितो हेसुद्धा शोधणाऱ्यांना तेव्हा माहीत नव्हतं, आणि तिकडे आजूबाजूचं जंगल तुटतंय.

बिबट्याचे फोटो पेपरात नेहमी येतात, एखाद्या रविवारी पुरवणीत याचा मोठा रंगीत फोटो छापा ना, शाळेतल्या मुलांना दाखवायचाय.

– एक शिक्षिका, रत्नागिरी