चिठ्ठीतला मुहूर्त
अक्षय्य तृतीया जवळ आली की प्रसूतिगृहात तारीख मागणारे नातेवाईक हमखास येतात. माझ्या भाचीच्या सासूबाई तर ज्योतिषांची चिठ्ठीच घेऊन गेल्या: सकाळी ९.४० ते १०.२५! भाचीला जेमतेम ३७ आठवडे झाले होते. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी परत केली. कारण नसताना ३९ आठवड्यांआधी कळा आणू नयेत, बाळाची फुप्फुसं अजून तयार होत असतात, हे समजावलं. शिवाय सलाईनमधून ऑक्सिटोसिन हे कळा आणणारं औषध दिलं तरी पहिलटकरणीला अख्खा दिवसही लागू शकतो. पाऊण तासाचा मुहूर्त गाठायचा तर सिझरच. ३९ आठवडे भरल्यावर होणाऱ्या आईनेच कळा आणण्याबद्दल विचारलं तर गोष्ट वेगळी. इथे भाचीला कुणी विचारलंच नव्हतं.

– एक मावशी, सातारा